पसंतीचा क्रम



बारावीचा व सीईटीचा निकाल लागला म्हणजे आपल्या राजोडीत घरोघर एकच खल चालतो. मुलाचे मन माटुंग्याच्या, १८८७ साली स्थापन झालेल्या व्हीजेटीआयकडे ओढ घेते. वडील म्हणतात, वसईतच अभियांत्रिकी शिकावे, हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये.

आमच्या मते हा प्रश्न जागा मिळाल्यावर सुटत नाही, पसंतीचा अर्ज भरतानाच सुटतो. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप कायम होते व पुढील फेऱ्यांचे दार मिटते. तेव्हा भीतीपोटी घराजवळचे नाव पहिल्या ओळीत घालणे म्हणजे आपल्याच हाताने कडी लावणे होय. पहिल्या फेरीत खालच्या पसंतीची जागा मिळाली, तर शुल्क भरून ती राखता येते आणि ‘बेटरमेंट’ही मागता येते. वरची न मिळाल्यास हातची राहते. मात्र वरची मिळताच हातची रद्द होते. तेथून माघार नाही.

म्हणून घराजवळचे नाव यादीत अवश्य असावे, पण आपल्या जागी. नालासोपाऱ्याहून रोजचा गर्दीचा प्रवास, फीचा भार, मुलाची प्रकृती, यांचा विचार अर्जापूर्वीच व्हावा. जेथे जावयाचे नाही, ते नाव वर घालूच नये.

आईबापहो, सल्ला अवश्य द्यावा. परंतु क्रम मुलांच्या मनाचा असू द्यावा. चार वर्षे अभ्यास त्यांनाच करावयाचा आहे.