ट्रॅक्टरची हायड्रॉलिक जोडअवजारे : बिघाड शोधण्याचा क्रम

(पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेचा विषय मिस्त्रींचा. तो या सभेपुढे कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर वाफशात आहे. पाऊस उघडल्यावर काळ्या जमिनीस वाफसा येतो तो थोडे दिवसच टिकतो. ज्याच्या घरी ट्रॅक्टर नाही असा अल्पभूधारक त्या दिवसांत भाड्याच्या ट्रॅक्टरची पाळी धरून बसलेला असतो. अशा वेळी इंजिन ठणठणीत चालू आहे, पण अवजार उचलत नाही, असे झाले की केवळ ट्रॅक्टरमालकाचे भाडे बुडत नाही. पाळीत उभ्या असलेल्या साऱ्यांची पेरणी मागे पडते. केंद्र शासनाचे कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले. त्यात भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांना साहाय्य मिळाले आणि गटांच्या अवजारे बँका गावोगावी उभ्या राहिल्या. तेथील ट्रॉली किंवा पलटी नांगर अनेकांच्या हातांतून आणि अनेक ट्रॅक्टरांमागून फिरतो. त्याची निगा कोणी राखावयाची, हा प्रश्न शेवटी गावाच्या कारभाऱ्यांपुढेच येतो.

प्रथम यंत्रणा समजून घेऊ. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोहोचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेला नियम शाळेत शिकविला जातो. इंजिनावर चालणारा पंप गिअरपेटीतील किंवा मागील पेटीतील तेल जाळीतून ओढतो आणि व्हॉल्व्हमार्गे सिलिंडरात लोटतो. ट्रॅक्टरच्या यंत्रणेतील दाब साधारणतः दर चौरस सेंटिमीटरला १५० ते २०० किलो असतो. सिलिंडरचा आतील व्यास ८ सेंटिमीटर धरला तर दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर येते. १५० किलो दाबाने त्यावर सुमारे ७,५०० किलोचा, म्हणजे साडेसात टनांचा जोर पडतो. मूठभर आकाराचा पंप भरलेली ट्रॉली उचलतो तो या हिशेबाने.

शिक्षकांस एक सुचवितो. इंजेक्शनच्या दोन पिचकाऱ्या, एक लहान व एक मोठी, सलाइनच्या नळीने जोडून त्यांत पाणी भरावे. लहान पिचकारी दाबली की मोठीचा दट्ट्या थोडाच सरकतो, पण जोराने सरकतो. मग नळीत मुद्दाम हवेचा बुडबुडा सोडून तोच प्रयोग पुन्हा करावा. दट्ट्या अडखळतो, स्पंजासारखा दबतो. हवा दबते, तेल जवळजवळ दबत नाही. लिफ्ट थरथरत, झटके देत का उठते, याचे उत्तर मुलांना त्या बुडबुड्यात दिसेल.

आता बिघाडाकडे वळू. लिफ्ट उचलत नाही म्हटले की पहिला संशय पंपावर जातो, आणि महागडा पंप बदलून होतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. पंप हा संशयितांच्या यादीत सर्वांत शेवटी यावयास हवा. कारण त्याच्या आधी तपासावयाच्या गोष्टींना बहुधा पैसे लागत नाहीत, फक्त डोळे आणि स्वच्छ फडके लागते.

आरंभ तेलापासून करावा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, लिफ्ट खाली सोडून, ट्रॉलीचा जॅक पूर्ण मिटवून मग डिपस्टिक पाहावी. जॅक उघडलेला असता कित्येक लिटर तेल त्याच्या पोटात असते. त्या स्थितीत पातळी कमी दिसते म्हणून वरून तेल ओतले, तर जॅक मिटल्यावर ते जास्त होऊन सील फोडून बाहेर पडते. उलट, रिकाम्या जॅकची नवी ट्रॉली प्रथमच जोडली की ट्रॅक्टरमधील तेल तिच्यात जाते, पातळी उतरते आणि पंप हवा ओढू लागतो. पातळीबरोबर रंगही पाहावा. दुधासारखे पांढुरके तेल म्हणजे त्यात पाणी शिरले आहे. भाताच्या चिखलणीनंतर किंवा ट्रॅक्टर ओढ्यात उतरवून धुतल्यावर हे विशेष आढळते. फेस असेल तर कोठून तरी हवा येते आहे. काळे पडून करपट वास येत असेल तर ते तापून निकामी झाले आहे. तेलाचा पिंप उघड्यावर उभा ठेवण्याची आपली रीतही सोडावयास हवी. पिंप दिवसा तापतो, रात्री निवतो आणि निवताना झाकणावर साचलेले पावसाचे पाणी आत ओढून घेतो.

त्यानंतर जाळी व फिल्टर. जाळी तुंबली की पंपास पुरेसे तेल मिळत नाही, तो करकरतो आणि लिफ्ट सावकाश उठते. ही लक्षणे झिजलेल्या पंपाशी इतकी मिळतीजुळती आहेत की जाळी धुण्यापूर्वी पंपावर दोष ठेवणे अन्यायाचे होईल. जाळी धुण्यास डिझेल चालते. पुसण्यास सुताचे फडके नको, त्याचे धागे आत राहतात.

तिसरी पाळी दांड्यांची, म्हणजे लिव्हरांची. त्यांविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण येथे बिघाड नसताना बिघाड दिसतो. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या हॅरी फर्ग्युसन यांनी तीन बिंदूंची जोडणी आणि नांगराच्या ओढीवर आपोआप चालणारे हायड्रॉलिक नियंत्रण एकत्र आणले. १९३६ मध्ये असा ट्रॅक्टर बाजारात आला आणि १९३९ पासून फोर्डच्या कारखान्यातून तो मोठ्या संख्येने निघू लागला. आजच्या आपल्या ट्रॅक्टरांतही तेच तत्त्व आहे. नांगर कठीण जमिनीत शिरला की टॉप लिंकवर दाब येतो, त्याने व्हॉल्व्ह उघडतो आणि नांगर किंचित वर येतो. ओढ कमी झाली की तो पुन्हा खाली जातो. यास ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात. अवजार ठरावीक उंचीवर धरून ठेवणारा पोझिशन कंट्रोल वेगळा. 'नांगर आपोआप वर येतो' ही तक्रार बहुधा यंत्राची नसते. तो आपले काम करीत असतो, किंवा लिव्हर फार हळवा लावलेला असतो. कित्येक ट्रॅक्टरांत लिफ्टकडे जाणारे तेल बाहेरच्या जोडणीकडे वळविण्यासाठी आणखी एक लिव्हर असतो. तो वळविलेलाच राहिला तर लिफ्ट हलत नाही, आणि वळविला नाही तर ट्रॉली उठत नाही.

यानंतर कपलर. ट्रॉलीचे किंवा पलटी नांगराचे पाइप ट्रॅक्टरला ज्या कपलरने जोडले जातात, त्याच्या दोन्ही अर्ध्यांत गोळी व स्प्रिंग असते. दोन्ही अर्धे पूर्ण बसले तरच गोळ्या मागे सरतात आणि वाट मोकळी होते. जोड अर्धवट बसला तर तेल एका दिशेने जाते, दुसऱ्या दिशेने अडते. ट्रॉली वर गेली पण खाली येत नाही, किंवा पलटी नांगर एका बाजूस वळतो पण परत येत नाही, याचे पहिले कारण येथे शोधावे. एका अवजारे बँकेत असाच नांगर नवा व्हॉल्व्ह येईपर्यंत उभा ठेवला होता. त्याचे दोन पाइप एकमेकांच्या जागी लावून पाहिले तेव्हा, जी बाजू आधी अडत होती ती चालू लागली आणि दुसरी अडली. म्हणजे दोष ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हकडे होता काय? तसे नव्हते. दोष त्याच पाइपाबरोबर सरकला होता. त्याच्या टोकाच्या कपलरमध्ये माती घट्ट बसली होती. दोष कोणाबरोबर सरकतो हे पाहणे, ही या साऱ्या विद्येतील सर्वांत स्वस्त चाचणी होय.

कपलर जोडता येत नाही, दाबूनही बसत नाही, अशी तक्रार उन्हाळ्यात फार येते. सोडून ठेवलेल्या पाइपात कोंडलेले तेल उन्हाने तापून फुगते आणि गोळी मागे सरत नाही. हातोडा मारू नये. सावलीत निवू द्यावे. अवजार जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर दोन्ही बाजूंस हलवून आतील दाब उतरवावा आणि मगच पाइप सोडावा, म्हणजे पुढच्या वेळी हा त्रास होत नाही.

अवजारे बँकांना मला जे खास सांगावयाचे आहे ते येथेच सांगतो. ट्रॉली एका ट्रॅक्टरची सोडून दुसऱ्यास जोडली की तिच्या जॅकमधील तेलही दुसऱ्या ट्रॅक्टरमध्ये जाते. पहिल्याचे तेल पाण्याने किंवा गाळाने बिघडलेले असेल, तर तो रोग ट्रॉलीमार्फत गावभर फिरतो. व्हॉल्व्हमधील सरकती दांडी व तिचे भोक यांतील फट अवघ्या काही मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा. कपलरवरील चिमूटभर धूळ तेथे काय करील, याची कल्पना करावी. म्हणून सामाईक अवजाराच्या प्रत्येक कपलरला टोपी हवी, जोडण्यापूर्वी दोन्ही टोके पुसावयास हवीत, आणि तेलाचा रंग पाहिल्याखेरीज कोणत्याही ट्रॅक्टरला अवजार देऊ नये. नोंदवहीत भाड्याबरोबर तेलाच्या रंगाचाही एक रकाना असावा. टोपीची किंमत व्हॉल्व्हच्या किमतीपुढे नगण्य आहे. तरीही सर्वप्रथम हरवते ती टोपीच.

एवढे सारे पाहूनही दोष राहिला तर यंत्राच्या आत पाहावे लागते. तेथेही लक्षणे बोलतात. उचललेले अवजार इंजिन बंद करताच भराभर खाली येत असेल, तर पंप बदलून काहीही लाभ नाही. भार धरून ठेवणे हे पंपाचे कामच नव्हे. तेल सिलिंडरच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हमधून परत जात असते. इंजिन चालू असता वर धरलेले अवजार उचकी लागल्यासारखे पुनःपुन्हा खालीवर होते, तेही याच गळतीने. ट्रॉली खचत असेल आणि जॅक व पाइप बाहेरून कोरडे असतील, तर तेल ट्रॅक्टरच्या व्हॉल्व्हमधून मागे जाते आहे असे समजावे. सकाळी भार उचलणारी लिफ्ट दोन तासांनी उचलेनाशी झाली, तर तापून पातळ झालेले तेल झिजलेल्या भागांतून निसटते आहे. इंजिनाचा वेग वाढविल्यावर ती सुधारत असेल, तर मात्र पंपावर संशय घेण्यास जागा आहे. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू अंदाजाने आवळून जोर वाढविण्याचा मोह मिस्त्रींनी टाळावा. तो दाबमापक लावूनच जुळवावयाचा असतो. नाही तर पुढे पाइप फुटतो.

आता धोक्याचे दोन शब्द, आणि ते मी कमी करून सांगणार नाही. उचललेल्या ट्रॉलीखाली लोखंडी टेकू दिल्याखेरीज कोणीही वाकू नये. हात घालण्यासाठी, कपलर सोडण्यासाठी, ग्रीस देण्यासाठी, कशासाठीही नाही. तेल ही आधाराची वस्तू नव्हे. एक सील फाटले की क्षणात ट्रॉली खाली येते. दुसरे, पाइपातून बारीक गळती होत असेल तर ती बोटाने चाचपू नये. एवढ्या दाबाची सुईसारखी धार कातडी भेदून तेल आत घालते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीस फारशी दुखतही नाही, आणि म्हणून माणूस काम करीत राहतो. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती पुठ्ठ्याचा तुकडा दूर धरून शोधावी. इजा झालीच तर, मलमपट्टीत वेळ न दवडता, जेथे शस्त्रक्रियेची सोय आहे त्या रुग्णालयात न्यावे आणि दाबाखालचे तेल आत गेले आहे हे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे. जखम पाहून ते कळत नाही.

बाहेर पटांगणात ट्रॅक्टर व ट्रॉली उभी केली आहे. जॅक मिटवून ठेवला आहे. डिपस्टिक, जाळी आणि कपलर हे तीन भाग आपण प्रथम तेथे जाऊन पाहू, आणि आपले प्रश्न यंत्राशेजारी उभे राहूनच घेऊ.