धुरा जाळू नका, धुरा मोजा
(वर्धा जिल्ह्यातल्या वनहक्क बैठकीतलं बोलणं)



दाव्याचे फॉर्म भरायला आम्ही गावोगाव फिरतो. मागच्या एका बैठकीत एक साहेब म्हणाले, "तुम्ही जंगल वखरता आन् जमिनीतला जीव मारता." आमच्यातल्या कोणालेच तेव्हा उत्तर सुचलं नाही. म्हणून आज मातीतल्या किड्यांवरच बोलतो.

आपले बुढे बैलाच्या वखरानं वरवरचीच माती मोकळी करत. कपाशीत तूर न् ज्वारी पेरत, शेणखत टाकत. तुरीचा पाला गळून तिथंच कुजे. शेणकिडे शेण मातीत खाली नेतात, तेच खत होते. वाळवी काडीकचरा खाते, तिच्या बोगद्यांतून पावसाचं पाणी मुरते. वारुळावर सात्या उगवतात ना? वाळवी आपल्या घरात जी बुरशी पाळते, तिच्याच त्या छत्र्या. आफ्रिकेत बुर्किना फासो देशातले शेतकरी कडक पडीत जमिनीत खड्डे करून शेणखत टाकतात, ते मुद्दाम वाळवी यावी म्हणून. वाळवी जमीन पोखरते, पाणी मुरते, मग त्याच खड्ड्यात ज्वारी पेरतात.

सगळेच किडे भले, असं आम्ही म्हणत नाही. हुमणी मुळं खाते, वाळवीही उभं पीक खाते. पण वखरानं उलटलेली हुमणी बगळे न् कावळे वेचतात. फवाऱ्याचं औषध मात्र हुमणी पाहत नाही, शेणकिडाही मारते.

आता आपली चूक. उन्हाळ्यात आपण धुरे पेटवतो, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतो. पाल्यातले किडे तिथंच मरतात. साहेबाच्या बोलण्यात तेवढं खरं होतं, ते कबूल केलं पाहिजे. मोहाखालचा पाला झाडूनही बाजूला होतो, वेळ लागते एवढंच.

धुऱ्यावर नांगर चालत नाही. शेतातले किडे तिथंच तग धरतात, पेरणीनंतर परत शेतात येतात. आन् दाव्यासाठीही धुरा मोठा आहे. 1 जानेवारी 2008 च्या नियमांत, नियम 13 मध्ये, जमीन सपाट करणं, बांध घालणं हे पुराव्यात धरलं आहे. बुढ्यांचं लेखी सांगणंही चालते. 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायचा आहे. पावती नसली तरी धुरा आहे.

पुढच्या ग्रामसभेआधी बुढ्यांना सोबत घेऊन धुऱ्यावर जा. कोणी घातला, कोणत्या साली, त्यावरचं झाड किती जुनं, ते लिहा. लांबी पावलांनी मोजली तरी चालते. कागद आम्ही आणतो.