चालत्या यंत्राची दुरुस्ती

घरांतला संगणक बंद करून पुन्हां चालू करण्यास दोन मिनिटें पुरतात. त्याची कोणी तक्रार करीत नाहीं. परंतु ज्या यंत्रावर शेंकडों माणसांचीं कामें एकाच वेळीं चाललेलीं असतात, तें बंद करावयाचें म्हणजे तीं सर्व कामें मधेंच तोडावयाचीं. साहजिकच ‘रविवारीं पाहूं’ असें म्हणण्याकडे व्यवस्थापकांचा कल असतो.

२००६ सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत हेंच घडलें. तेथील विद्यार्थी जेफ अर्नोल्ड यांनीं एका यंत्राची सुरक्षेची दुरुस्ती, लोकांची गैरसोय नको म्हणून, आठवड्याच्या अखेरीवर टाकली. आणि तेवढ्या अवधींत चोर आंत शिरले. यंत्र बंद न करतांच दुरुस्ती कां होऊं नये, या प्रश्नांतून त्यांचें ‘केस्प्लाइस’ जन्मास आलें.

दुरुस्ती करावयाची ती कर्नेलची. लष्करांतल्या कर्नलाशीं याचा संबंध नाहीं. कर्नेल म्हणजे गाभा. मेमरी, डिस्क, नेटवर्क या सर्वांची वांटणी त्याच्या हातीं. तो सदैव जागा असतो, म्हणूनच त्याला हात लावणें अवघड. युक्ति अशी कीं, सदोष कृति पुसावयाचीच नाहीं. सुधारलेली कृति मेमरींत निराळ्या जागीं ठेवावयाची आणि जुनीच्या उंबरठ्यावर ‘तिकडे जा’ एवढी आज्ञा लिहावयाची. बोलावणारा जुन्याच पत्त्यावर येतो आणि नकळत नव्या घरीं पोंचतो.

खरी कसोटी पुढेंच आहे. त्या क्षणीं एखादें काम जुन्या कृतीच्या ऐन मध्यावर असेल तर? जुनीनें कुलूप लावावें आणि नवीनें तें लावलेंच नाहीं असें धरून चालावें, असा घोटाळा व्हावयाचा. म्हणून केस्प्लाइस क्षणभर सर्व कामें थांबवितें, कोण कोठून आलें व कोठें परतणार याच्या नोंदी तपासतें, आणि जुन्या कृतींत कोणी सांपडलें तर माघार घेऊन थोड्या वेळानें पुन्हां प्रयत्न करतें. २०१४ सालीं निघालेल्या सूसे कंपनीच्या ‘केग्राफ्ट’नें कोणासहि न थांबवितां एकेक काम नव्याकडे वळविण्याची रीत काढली, रेड हॅटच्या ‘केपॅच’नें थांबविण्याचाच मार्ग धरिला. दोघांस पुरेल असा पाया २०१५ सालीं लिनक्सच्या ४.० आवृत्तींत आला, आणि रीतींचा मिलाफ २०१७ च्या ४.१२ मध्यें.

मे २००५ ते मे २००८ या काळांतील लिनक्सच्या ६४ महत्त्वाच्या सुरक्षा-दुरुस्त्यांपैकीं ५६ केस्प्लाइसनें नवी ओळहि न लिहितां बसविल्या. उरलेल्या आठांसाठीं माणसास थोडें लिहावें लागलें. कृति बदलणें सोपें, पण आधींच मेमरींत मांडलेल्या माहितीची ठेवण बदलणें तितकें सोपें नाहीं. आणि कर्नेलची संपूर्ण नवी आवृत्ति घ्यावयाची तर यंत्र अजूनहि बंद करावेंच लागतें.