दया आणि दायित्व

जबलपूरहून नागपूरकडे जाणारा रस्ता नर्मदा ओलांडतो तो तिलवारा घाटापाशी. 1939 साली त्रिपुरी काँग्रेसचे अधिवेशन याच परिसरात भरले आणि 1948 च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींच्या अस्थी येथील प्रवाहात विसर्जित झाल्या. नर्मदेच्या इतर घाटांप्रमाणे येथेही यात्रेकरू स्नान करतो, दिवा सोडतो आणि शिदोरीतला घास समोरच्या कुत्र्याला घालतो. घास घालणारे पुष्कळ असतात. परंतु तो कुत्रा कोणाचा, असे विचारले तर पुढे येणारा कोणी नसतो.

हा प्रश्न खुद्द गांधीजींनीच 1926 साली समाजापुढे ठेवला होता. अहमदाबादेतील एका गिरणीमालकाने आवारातले साठ भटके कुत्रे मारविले, तेव्हा मोठा गहजब उडाला. अहिंसेचा हा उपासक त्या मालकाला दोष देईल, अशी अनेकांची अपेक्षा होती. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लेखमाला लिहिली आणि दोष दिला तो समाजाला. बेवारशी कुत्रा हे समाजाच्या निष्काळजीपणाचे लक्षण आहे, तुकडा टाकून पुढे जाणे ही दया नव्हे, ज्याला कळवळा येतो त्याने सांभाळाचा भार उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. मारण्याचा मार्ग आजच्या कायद्याला मान्य नाही. भार उचलण्याचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

नकोसा कुत्रा दोन वाटांनी रस्त्यावर येतो. एक तेथेच जन्मतो. दुसरा घरातून येतो. मुलांच्या हट्टापायी आणलेले पिल्लू वर्षभरात मोठे होते. मग बदली होते, शेजारी तक्रार करतात, औषधपाण्याचा खर्च वाढतो आणि एके दिवशी त्याला गावाबाहेर सोडून दिले जाते. घरात वाढलेल्या या प्राण्याला रहदारी ठाऊक नसते, अन्न शोधता येत नाही आणि तेथले कुत्रे त्याला आपल्या हद्दीत ठरू देत नाहीत.

अशा कुत्र्याला उचलून आणणे हे त्यातल्या त्यात सोपे काम. खरी कसोटी पुढे असते. डिस्टेंपर आणि पार्व्हो हे रोग पिल्लांत झपाट्याने पसरतात, म्हणून नव्या कुत्र्याला काही दिवस वेगळे ठेवावे लागते. आश्रयगृहातली जागा मोजकी. बरा झालेला कुत्रा घर न मिळाल्याने तेथेच राहिला, की दारात आलेल्या जखमीला जागा उरत नाही. परदेशी जातीच्या पिल्लाला मागणी असते. देशी, वयस्क किंवा पाय गमावलेला कुत्रा मागे राहतो. म्हणून घाईने कोणाच्याही हाती दोरी द्यावी, तर तोच कुत्रा पुन्हा रस्त्यावर येतो. घरमालकाची संमती आहे काय, घरातील सर्वांना तो हवा आहे काय, कुटुंब गावाला गेले तर त्याला कोण पाहील, हे आधी विचारावेच लागते.

कायदाही येथे अपुरा पडतो. प्राण्याला उपाशी-तहानेला टाकून देणे 1960 च्या कायद्याने गुन्हा ठरविले. पण पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो 10 ते 50 रुपयांचा. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने भटका कुत्रा दत्तक घेण्याची मुभा दिली, आणि तो पुन्हा रस्त्यावर जाऊ नये याची जबाबदारी घेणाऱ्यावरच टाकली.

2019 च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी भटके कुत्रे आढळले. एवढ्यांना घरे मिळणे शक्य नाही. त्यांच्यासाठी 2023 च्या नियमांनी नसबंदी आणि रेबीजची लस हा मार्ग आखून दिला आहे. नव्या घराचा शोध घ्यायचा तो मुख्यतः रस्त्यावर जगूच न शकणाऱ्यांसाठी. त्यांचीही संख्या घटावी असे वाटत असेल, तर सुरुवात आश्रयगृहात नव्हे, घरात झाली पाहिजे. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे असते. पिल्लू उचलताना मनात येणारी दया खरी असते. पण ती तितकी वर्षे टिकणार नसेल, तर त्या पिल्लाला हात न लावणे हीच अधिक मोठी दया होय.