ग्लुकोजची गळलेली रेष

ग्लुकोजच्या सरळ साखळीत चार असममित कार्बन असतात. त्यांच्यावरचे हायड्रॉक्सिल गट कोणत्या बाजूला आहेत, यावरून ग्लुकोज, मॅनोज, गॅलॅक्टोज अशा १६ शर्करा वेगळ्या ठरतात. रचना संगणकात उतरवताना ही दिशा दाखवणाऱ्या पाचररेषा गळल्या, की सोळा जणींची एकच नोंद उरते. सूत्र बरोबर, रेणुभारही बरोबर. पदार्थ कोणता, ते मात्र सांगता येत नाही. रसायनांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यांतल्या सर्वांत चिवट चुका याच जातीच्या आहेत.

पबकेम हा असाच एक माहितीसाठा अमेरिकेत २००४ साली सुरू झाला. २००७ साली आलेले केमस्पायडर दोन वर्षांत ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीकडे गेले. दोन्हीकडे असंख्य ठिकाणांहून नोंदी येतात. एकाची चूक दुसरा उतरवून घेतो आणि तीन ठिकाणी सापडली म्हणून ती खरी मानली जाते.

यंत्र काही चुका पकडते. रसायनाची ओळख म्हणून दिला जाणारा कॅस नोंदणी क्रमांक घ्या. पाण्याचा आहे ७७३२-१८-५. शेवटचा अंक सोडून बाकीच्यांना उजवीकडून १, २, ३ असे गुणत गेले की बेरीज १०५ येते. तिचा शेवटचा अंक ५, म्हणून क्रमांक जुळतो. पण हाच क्रमांक भलत्या रचनेला चिकटवला, तर हा हिशेब काहीच बोलत नाही. रचनेवरून संगणक तयार करतो ती २७ चिन्हांची ओळखखूण, इनचीकी, तर जे काढले असेल त्याचीच खूण देते. हळदीतले कर्क्युमिन कीटो रूपात काढले की एक, इनॉल रूपात काढले की दुसरी.

येथे जाणत्या डोळ्यालाच पर्याय नाही. केमस्पायडरने नोंदणीकृत वापरकर्त्यांना नावे, वर्णपट जोडण्याची आणि चुका दाखवण्याची वाट करून दिली. ड्रेक्सेल विद्यापीठाचे जाँ-क्लोद ब्रॅडली यांनी सहकाऱ्यांसह द्रवणांकांचा खुला संग्रह उभारला. हे काम कारकुनी नव्हे, रसायनशास्त्रच आहे.

दुरुस्ती करताना जुनी नोंद पुसून टाकणे घातक असते. पबकेममध्ये देणाऱ्याने दिलेली नोंद एका थरात राहते आणि प्रमाणित रचना दुसऱ्या थरात. त्यामुळे बिघाड कोठे झाला ते मागे जाऊन पाहता येते. दुरुस्तीसोबत तिची तारीख, करणाऱ्याचे नाव आणि मूळ शोधनिबंध वा वर्णपट हा आधार असला, तर पुढचा वाचक तीही तपासू शकतो.