एका वर्षाची मुदत

 आज पदवी घेणाऱ्या तुमच्यातले बरेच जण सी.ए. करणार आहेत असे कळले, म्हणून मी आमच्या सी.ए.च्या प्रॅक्टिसविषयीच बोलतो.

मी पनवेलला बसायला लागलो तेव्हा व्यापारी आम्हाला ‘इन्कमटॅक्सचे वकील’ म्हणत. 1984 च्या वित्त कायद्याने चाळीस लाखांवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला टॅक्स ऑडिट सक्तीचे केले आणि आमच्या जिन्यावर चपलांची गर्दी झाली. मग न्हावाशेवा बंदर आले, कळंबोलीचा लोखंड बाजार वाढला, संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोने दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचे व्यवहार घेऊन गावोगावची माणसे येऊ लागली. काम वाढले, ऑफिसे मात्र तशीच राहिली: एक सर, एक कारकून, दोन शिकाऊ आर्टिकल्स.

असेच एक सर कापड बाजारात होते. ते अचानक गेले. तेरावा व्हायच्या आत त्यांच्या पक्षकारांना बाहेरच्या ऑडिटरांचे फोन सुरू झाले. नवीन ऑडिटरने काम घेण्याआधी जुन्याला लेखी कळवावे, असे आमची आचारसंहिता सांगते. पण जुना हयातच नसला की ही आडकाठीही उरत नाही. या गोष्टीचा मला अजून संताप येतो. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांच्या वारसांची सोय लावून दिली, त्याच्याच घरी काय ठेवायचे आणि कोणाला द्यायचे, हे कोणाला ठाऊक नव्हते.

नियम सांगतो, तो लक्षात ठेवा. एकट्याच्या फर्मचे गुडविल दुसऱ्या सी.ए.ला विकता येते, पण मृत्यूपासून वर्षाच्या आत सगळा व्यवहार पुरा करून, त्याच नावाने प्रॅक्टिस करण्यासाठी आमच्या सी.ए. संस्थेची (आयसीएआय) परवानगी मागावी लागते. भागीदार गेला तर, करारात तसे लिहिलेले असल्यास, त्याच्या वारसांना नफ्यात वाटा देता येतो. एकटा गेला तर त्याच्या बायकोला तसा वाटा देता येत नाही. सरांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, हे कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही साधारण वर्षभराच्या फीएवढी रक्कम ठरवली, ती हप्त्यांनी दिली आणि ती प्रॅक्टिस घेतली.

पहिल्या दिवशी त्यांच्या कारकुनाने कपाट उघडले. प्रत्येक फाइलच्या आतल्या बाजूला सरांच्या हातची पेन्सिलीची टिपणे होती. एकीवर लिहिले होते, ‘भाऊबंदकी. थोरल्याशीच बोलणे.’ दुसरीवर, ‘फी दिवाळीनंतर. आधी मागू नये.’ ही टिपणे वाचून अर्थ सांगणारा माणूस एकच होता, तो कारकून. मी त्याचा पगार वाढवला आणि वर्षभर त्याला बरोबर घेऊन दुकानोदुकानी गेलो. पुढे उरण आणि पेणच्या प्रॅक्टिस आमच्यात विलीन झाल्या, तेव्हाही असेच केले. दोन्हीकडचे वयस्कर सर खुर्ची न सोडता आमच्याबरोबर राहिले.

याच्या उलटही पाहिले. मुंबईच्या एका फर्मने आमच्या बाजूची एक चांगली प्रॅक्टिस सामावून घेतली आणि पहिल्याच महिन्यात जुना कारकून काढला. फी वाढवल्याची पत्रे इंग्रजीतून गेली. पुढच्या रिटर्नच्या मोसमापर्यंत निम्म्याहून अधिक पक्षकार पांगले. ए. एफ. फर्ग्युसन, बिलिमोरिया, चोक्शी ही मुंबईची जुनी नावे डेलॉइटमध्ये मिसळली, ते मोठ्यांचे गणित वेगळे. तालुक्याच्या गावात पक्षकार फर्मकडे येत नाही, माणसाकडे येतो. तो माणूस हयात असतानाच त्याला आपल्या हाताने पक्षकार पुढच्याला सोपवावे लागतात.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला, नेमका आमच्या संस्थेच्या स्थापनेच्या तारखेला. तेव्हापासून दर महिन्याची विवरणपत्रे एकट्या म्हाताऱ्या सरांना झेपत नाहीत. त्यांची मुले आयटीत किंवा परदेशी. कपाटे भरलेली आहेत आणि किल्ली कोणाकडे द्यावी हे त्यांना कळत नाही.

तुमच्यातले जे सी.ए. होतील, त्यांनी थेट नवी पाटी लावण्याआधी अशा एखाद्या सरांकडे जावे आणि भागीदारी मागावी. करार लेखी करा, वारसांचा वाटा त्यात लिहा, त्यांच्या कारकुनाला सांभाळा. पनवेल, उरण, कर्जत, खोपोलीत असे बरेच जण मला माहीत आहेत. माझ्या ऑफिसात या, मी स्वतः तुमची गाठ घालून देईन.