अर्धं ऑफिस, अर्धा विहार : भूतानचे झोंग आईसोबत बघताना

आजचा भाग भूतानबद्दल आहे. ज्यांना बसमध्ये कानात हेडफोन घालून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलेलं रूप. बोलताना जे बोललो तेच आहे, फक्त "अं अं" काढून टाकलंय.

आधी एक सांगून टाकतो. भूतान म्हटलं की तुमच्या फीडमध्ये एकच फोटो येतो, कड्याला चिकटलेला तो टायगर्स नेस्ट, म्हणजे पारो ताक्त्सांग. सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण मी आज त्यावर फार बोलणार नाही. मला बोलायचंय झोंगबद्दल. माझ्या मते भूतान कळायचा असेल तर झोंग कळायला हवा, आणि तो रीलमध्ये मावत नाही.

तीन शब्द लक्षात ठेवा. ल्हाखांग म्हणजे मंदिर किंवा विहार. चोर्तेन म्हणजे आपला स्तूप. आणि झोंग म्हणजे किल्ला. पण किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो येतो, तो नाही.

आपल्याकडे बघा ना. लोहगड-विसापूरला तुम्ही पावसाळ्यात गेलाच असाल. त्याच डोंगराच्या पोटात भाजे लेणी आहेत. शिवनेरीच्या कड्यातही बौद्ध लेणी आहेत. म्हणजे आपल्या सह्याद्रीतसुद्धा विहार आणि किल्ला शेजारी शेजारीच आहेत. पण दोघांच्या मध्ये कितीतरी शतकं आहेत, आणि आज दोन्ही रिकामे. लेण्यात भिक्खू नाहीत, गडावर गडकरी नाही. आपण तिकीट काढतो, फोटो काढतो, वडापाव खातो, उतरतो.

भूतानमध्ये किल्ला आणि विहार ही एकच इमारत आहे. आणि ती चालू आहे!

झोंगचा लेआउट

इतिहास थोडक्यात. १६१६ साली तिबेटमधून एक तरुण लामा दक्षिणेला उतरला, झाबद्रुंग न्गावांग नामग्याल. तिकडे त्याच्या गादीवरून वाद होता, म्हणून तो इकडे आला. त्याने या दऱ्याखोऱ्यांचा एक देश बांधला आणि देश बांधायचं साधन म्हणून झोंग बांधले. पहिला सिम्तोखा, १६२९ साली, थिंफूच्या जवळच. मग पुनाखा, १६३७-३८. असं करत दरी तिथे झोंग. तिबेटी फौजा पुन्हा पुन्हा चालून यायच्या, त्यामुळे भिंती जाड, वर जाताना आत कललेल्या, खालच्या मजल्यांना खिडक्या जवळजवळ नाहीतच.

आत शिरलात की मोठं फरसबंद अंगण लागतं. मधोमध एक उंच बुरुजासारखी इमारत, तिला उत्से म्हणतात, त्यात मंदिरं. आणि उत्सेच्या एका बाजूला सरकारी कचेऱ्या, दुसऱ्या बाजूला भिक्खूंच्या खोल्या. झाबद्रुंगने राज्यकारभार आणि धर्म असे दोन भाग केले आणि ते दोन्ही एकाच छपराखाली बसवले. आजही जिल्ह्याचं ऑफिस तिथेच असतं. आपल्याकडे कल्पना करा, कलेक्टर ऑफिस, विहार आणि किल्ला, तिन्ही एकाच कंपाउंडमध्ये. एका दारातून फाइल घेतलेला कारकून बाहेर येतोय, दुसऱ्या दारातून दहा वर्षांचा लाल चीवरातला मुलगा पळतोय.

थिंफूच्या ताशिछो झोंगमध्ये राजाचं ऑफिस आहे. कामाच्या दिवशी पर्यटकांना आत सोडतात ते ऑफिस सुटल्यावर! मला हे फार आवडलं. तिथे आपण गिऱ्हाईक नसतो, पाहुणे असतो. यजमानाचं काम संपेपर्यंत पाहुण्याने थांबायचं.

आमचा गाइडसुद्धा दारापाशी थांबला. त्याने अंगात घो घातलेलाच होता, वर पिशवीतून पांढरं उपरणं काढून खांद्यावरून नीट गुंडाळलं. त्याला काबने म्हणतात. त्याच्याशिवाय भूतानी पुरुषाने झोंगमध्ये जायचं नाही. सामान्य माणसाचं पांढरं, मंत्र्याचं केशरी, पिवळं फक्त राजा आणि मुख्य धर्मगुरू, म्हणजे जे खेन्पो, यांचं. तो रोज तिथे टूर घेऊन येतो आणि रोज ते उपरणं तितक्याच काळजीने घालतो.

आणि आता आई

मी एकटा गेलो नव्हतो. आई सोबत होती. तिची ही पहिलीच परदेशवारी.

आम्ही नागपूरचे. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते. आमच्या घरात बुद्ध म्हणजे बाबासाहेबांनी दिलेला बुद्ध. भिंतीवर एक बुद्ध, एक बाबासाहेब, सकाळी त्रिशरण-पंचशील, बस. कर्मकांड नाही, अंगारे-धुपारे नाहीत. आईला बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. मला मध्येमध्ये अडखळायला होतं.

आणि आता हीच आई वज्रयान मंदिरात उभी. समोर तुपाचे दिवे, पिठाचे आणि लोण्याचे रंगीत नैवेद्य, आठव्या शतकात वाघिणीवर बसून उडत आले म्हणतात ते गुरू रिन्पोचे, कोपऱ्यात ज्वाळांमधला दात विचकलेला काळा देव. गाइड हिंदीत म्हणाला, "हे महाकाल."

आईने माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "हा उज्जैनचा इथं कसा काय आला?"

गाइडने नीट समजावलं की इथे महाकाल म्हणजे धर्माचा रक्षक, शंकर म्हणून कोणी पूजत नाही. आईने ऐकून घेतलं. मग तिने काय केलं, तर बुद्धासमोर हात जोडले, वाकली, आणि बाकी सगळ्यांसमोर सरळ उभी राहिली. कुणी काही म्हटलं नाही. तिनेही कुणाला काही म्हटलं नाही.

संध्याकाळी हॉटेलवर तिने मला विचारलं, "हे लोक बौद्ध, आपणही बौद्ध. मग यातलं आपलं काय आहे?"

मंडळी, मी गुगल करून उत्तर देऊ शकलो असतो. हीनयान, महायान, वज्रयान, नवयान, एक मस्त टेबल करून. पण तिला टेबल नको होतं. तिचा प्रश्न असा होता की इतक्या लांब येऊन मी इथे परकी आहे की घरची?

पुनाखा

तिसऱ्या दिवशी थिंफूहून पुनाखाला निघालो. वाटेत डोचुला खिंड लागते, साधारण ३,१०० मीटर. तिथे एका टेकाडावर १०८ चोर्तेन आहेत. ते जुने नाहीत बरं का. डिसेंबर २००३ मध्ये भूतानने आपल्या जंगलात तळ ठोकून बसलेल्या भारतातल्या बंडखोर गटांवर लष्करी कारवाई केली, त्यात मेलेल्या भूतानी सैनिकांच्या स्मरणार्थ ते बांधले. युद्धाचं स्मारक आणि त्याला आकार स्तूपाचा.

पुनाखा झोंग दोन नद्यांच्या संगमावर आहे. फो छू आणि मो छू, बाबा नदी आणि आई नदी. लाकडी झाकलेल्या पुलावरून जायचं, मग उभा जिना. शत्रू आला तर हा जिना वर ओढून घ्यायची सोय होती. १९०७ साली भूतानचा पहिला राजा उग्येन वांगचुक इथेच गादीवर बसला. झाबद्रुंगचा देहही इथेच जपून ठेवलाय. तो १६५१ मध्ये गेला, पण नवा देश फुटेल या भीतीने त्याच्या मृत्यूची बातमी पन्नासेक वर्षं बाहेर येऊ दिली नाही. "महाराज ध्यानाला बसलेत," एवढंच लोकांना सांगत राहिले.

आत शेवटच्या अंगणात मोठा सभामंडप आहे. शंभर खांबांचा म्हणतात, खरे खांब ५४ आहेत. समोर सोनेरी बुद्ध, गुरू रिन्पोचे आणि झाबद्रुंग. आणि भिंतींवर चित्रं. गाइडने सुरुवात केली, "आंटीजी, ये जो पेंटिंग है..." आणि आई त्याच्या पुढे चालायला लागली.

तिला कळलं होतं. बुद्धाचं चरित्र होतं ते. पांढरा हत्ती, म्हणजे महामायेचं स्वप्न. लुंबिनी. राजवाडा. तलवारीने स्वतःचे केस कापणारा सिद्धार्थ. हाडं दिसेपर्यंतचं तप. मार. बोधिवृक्ष. आई एकेका चित्राखाली थांबून मला सांगत होती, मराठीत, आणि गाइड गप्प राहून ऐकत होता. त्याला मराठी येत नाही. पण नावं तर तीच ना!

गृहत्यागापाशी ती थांबली. गाइडने नेहमीची गोष्ट सांगितली, म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी बघून सिद्धार्थाला वैराग्य आलं. आई मला म्हणाली, "त्याला सांग, बाबासाहेबांनी वेगळं लिहिलंय." मी हिंदीत भाषांतर करत गेलो. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब म्हणतात की रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात भांडण होतं. शाक्यांच्या संघाने युद्ध ठरवलं, सिद्धार्थाने विरोध केला, आणि त्याची किंमत म्हणून घर सोडलं.

गाइड थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे मी कधी ऐकलं नव्हतं." आणि हसून, "आणि तुम्ही हे सांगताय कुठे, तर दोन नद्यांच्या मधल्या किल्ल्यात."

नंतर आई एका खांबाशी बसली आणि अगदी हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हणाली, पालीत. शेजारी एक तरुण भिक्खू त्यांच्या भाषेत पोथी वाचत होता. त्याने मान वर करून पाहिलं, किंचित हसला आणि परत वाचायला लागला. फोटो नाही. आत फोटो काढायला बंदीच आहे, आणि ते फार बरं आहे.

एक दार

सगळंच गोड नव्हतं. ही जागा कुठली ते सांगत नाही.

झोंग आणि जुन्या मंदिरांत गोंखांग असतं, रक्षक देवतांची खोली. बऱ्याच ठिकाणी तिथे बायकांना प्रवेश नसतो. अशाच एका दारापाशी गाइड अवघडून म्हणाला, "सर, तुम्ही येऊ शकता. आंटीजी..."

काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा. ज्या घरात ती तारीख वाढदिवसासारखी माहीत असते, त्या घरातल्या बाईला बुद्धाच्या घरात "तुम्ही नाही" हे ऐकायला लागलं. मी म्हटलं, मग मीही जात नाही. आई म्हणाली, "जा. बघून ये आणि मला सगळं सांग. आत काय लपवलंय ते कळू दे."

मी गेलो. अंधार, काळे पडदे, मुखवटे, जुन्या ढाली, तलवारी, बंदुका. बाहेर येऊन सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे बाईला बंदी आणि बंदुकीला परवानगी."

गाइडला हे हिंदीत सांगावं की नाही, मी विचारात होतो. पण त्याला सूर कळलाच. त्याने वाद घातला नाही. चालता चालता त्याने एक माहिती दिली. जून २०२२ मध्ये भूतानच्या जे खेन्पोंनी १४४ भिक्खुणींना पूर्ण दीक्षा दिली. तिबेटी परंपरेत बायकांना ती सहसा मिळत नव्हती, त्या बहुतेक श्रामणेरीच राहायच्या. आई म्हणाली, "मग दाराचंही बघतील." खूश होऊन नाही, हिशेबाची वही उघडी ठेवल्यासारखं.

बॅकअप

इंजिनिअर म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. लाकडाची इमारत, आत रात्रंदिवस दिवे. आग लागणारच. ड्रुकग्येल झोंग १९५१ मध्ये जळला. ताक्त्सांग १९९८ मध्ये जळलं, २००५ पर्यंत पुन्हा उभं केलं. वांगदूफोद्रांगचा झोंग २०१२ मध्ये जळून खाक झाला, भारताच्या मदतीने बांधून २०२२ मध्ये पुन्हा खुला झाला. पुनाखाला १९९४ मध्ये वरचं हिमसरोवर फुटून पूर आला आणि झोंगचं नुकसान झालं. तरी हे झोंग "जुने" आहेत. कारण सुतार, चित्रकार, भिक्खू जिवंत आहेत. सर्व्हर जळला तरी चालतो, कॉपी माणसांच्या हातात आहे. आपल्या गडांची भिंत पडली की आपण म्हणतो, गेलं. कारण ती बांधणारे हात आधीच गेलेत.

जाणार असाल तर

भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, आधार कार्ड चालत नाही. माणशी रोज रात्रीचे १,२०० रुपये शुल्क आहे, ते बजेटमध्ये धरा. निघण्याआधी नियम एकदा तपासा. झोंगमध्ये पूर्ण बाह्या, पूर्ण पँट, टोपी काढायची, स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा. आई-बाबांना नेत असाल तर ताक्त्सांगची चढण गुडघ्यांना विचारून करा, अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियातूनही ते छान दिसतं. आईने तिथूनच पाहिलं.

आणि गाइडचं पाठ केलेलं संपलं की स्वतःचा एक प्रश्न विचारा. पटत नसेल तर तेही सांगा, नीट शब्दांत. पाहुण्याने गप्पच बसायला हवं असं कुठे आहे?

आईच्या प्रश्नाचं काय झालं, असं विचाराल. परतीच्या विमानात मीच तिला विचारलं, "मग, यातलं आपलं काय?" ती म्हणाली, "भिंत आपली आहे. दाराचं अजून बाकी आहे."

तुमच्या घरी कुणी असा प्रश्न विचारणारं असेल, तर त्यांना सोबत न्या. आणि व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात लावू. भेटू या, काळजी घ्या.